तू भरलेलं पेट्रोल

मने,

वर 'चि.' लिहिणार होते. लहानांना लिहायचं तर तसंच लिहायचं, एवढं चौथीपर्यंतच्या शाळेत शिकवलं होतं. पेन टेकवलं आणि थांबले. आता कुठलं चिरंजीव? म्हणून नुसतं मने. खाली अनेक आशीर्वादही नाहीत. पोचवायचे कुठे?

लिहायचं कारण असं की तुझ्या गाडीची टाकी शेवटी काढली. जुनी गेली, नवी बसली आणि काल गाडी सरकारी तपासणीत पास झाली. हे सांगायला मला घरात माणूस नाही. तुझा नवरा बोलत नाही, तुझी लेक बोलते ते इंग्रजी. आणि खरं म्हणशील तर यातलं निम्मं तुलाच ऐकवायचं आहे, कारण सुरुवात तू करून ठेवलीस.

तो चिनी अंकल आठवतो ना, तुझा मेकॅनिक, कायम बनियनवर असणारा? त्यानं तुला सांगितलं होतं, टाकी आतून गंजली आहे, बदलून टाक. तूच घरी येऊन हसत हसत मला सांगितलंस. मी म्हटलं, मग बदल ना बाई. तर म्हणालीस, "अगं, तुझ्या लग्नाच्या आधीची गाडी आहे ती. इतकी वर्षं टिकली, अजून थोडी टिकेल. मलाक्क्याहून आल्यावर बघू." डोकं सारखं दुखत होतं, तेही मलाक्क्याहून आल्यावर डॉक्टरला दाखवणार होतीस. तुझं सगळंच मलाक्क्याहून आल्यावर होतं.

गेलो का आपण मलाक्क्याला?

इथून गाडीनं मलेशियात जायचं तर टाकी पाऊण तरी भरलेली लागते, नाहीतर हद्दीच्या नाक्यावरून परत धाडतात. म्हणून गुरुवारी संध्याकाळी पंपावर गेलीस आणि पाऊण कसली, गळ्याशी येईतो भरून आलीस. "शुक्रवारचं एवढं ऑफिस उरकते, शनिवारी पहाटे निघू," म्हणालीस. शुक्रवारी हार्बरफ्रंटला ऑफिसच्या लिफ्टमध्ये पडलीस ती पडलीसच. डोक्यातली नस फुटली म्हणे. तुझी पर्स माझ्या हातात दिली त्यांनी. आत ओकारीच्या गोळ्यांची नवी पट्टी होती. गाडीत मळमळतं ते मला. तुला कधी मळमळलं?

असो. रडगाणं लावायला नाही बसले.

विवेकरावांनी तुझं सगळं नीट केलं, हे मी कुणापुढेही सांगेन. होडीतून समुद्रात जाऊन अस्थी सोडल्या. परत आले, अंघोळ केली, ईशाच्या शाळेला फोन केला. मला वाटलं, सावरला माणूस. मी मूर्ख. जो पहिल्या दिवशीच सावरतो त्याच्यावर डोळा ठेवायचा असतो.

पुढे दर रविवारी ते खाली पार्किंगमध्ये जायला लागले. मी म्हटलं बरं झालं, गाडी चालती राहील. एकदा त्यांच्यामागून मीही उतरले. बघते तर गाडी हलतच नाही. इंजिन लावायचं, समोरच्या पेट्रोलच्या काट्याकडे बघत बसायचं, बंद करायचं, कुलूप लावायचं.

"विवेकराव, जरा फिरवून आणा की. ईशाला घेऊन जा."

"पेट्रोल जाईल, आई."

"मग भरा. इथे काय पेट्रोलचा दुष्काळ पडलाय?"

"ते मनीषानं भरलंय."

मी वाद तिथेच सोडून वर आले. असं माझं फार वेळा होत नाही, तुला ठाऊक आहे.

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी इंजिन लावणंही सोडून दिलं. उभ्याउभ्यासुद्धा काटा खाली येतो ना. ऑफिसातून यायचे, एमआरटीच्या रेल्वेतून उतरून सरळ पार्किंगमध्ये, आणि गाडीत बसायचे. तुझ्या जागेवर नाही. बाजूच्या सीटवर, तू गाडी चालवायचीस तेव्हा बसायचे तसे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दिसायचे. मी आमटी दोनदा गरम करायचे, तिसऱ्यांदा करायचे नाही. ईशा आधी थांबायची त्यांच्यासाठी. मग एकटी जेवायला लागली. मग घरी जेवायचंच बंद केलं. शाळेतून मैत्रिणींबरोबर खालच्या हॉकर सेंटरमध्ये, त्या खाण्याच्या टपऱ्यांवर, नूडल्स खाऊन यायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. मी दारावर थाप मारली की आतून, "आय एट ऑलरेडी, आजी." एवढंच. सोळा वर्षांची पोर, मने. ती कधी रडली, कुठे रडली, मला माहीत नाही. तुझ्या लेकीची एवढीसुद्धा खबर मला नाही.

मराठी मंडळातल्या बायका येतात अधूनमधून. एक म्हणाली, "किती जपतात हो तुमचे जावई तिची गाडी. असा नवरा मिळायला भाग्य लागतं." मी म्हटलं, "भाग्य लागतं, आणि आधी मरावं लागतं." चहा अर्धा टाकून गेली. तीच मागे विचारत होती, मनीषा गेली तरी तुम्ही अजून इथेच का म्हणून. म्हणजे जावयाच्या घरात म्हातारी किती दिवस बसणार, असं. तिला काय सांगू? ईशाच्या वेळी तुझ्या बाळंतपणाला आले, तुझे बाबा गेल्यावर इथेच राहिले, आणि आता मी उठले तर या दोघांच्या मध्ये फक्त भिंत उरेल.

तुझं वर्षश्राद्ध झालं आणि मग तपासणीचं पत्र आलं. जुन्या गाडीला ही तपासणी चुकत नाही. पास नाही झाली तर ती रस्त्यावर ठेवायची नाही, भंगारात घालायची. विवेकराव किल्ली घेऊन खाली गेले. गाडी सुरूच होईना. घरघर करायची आणि मान टाकायची.

शेवटी उचलून न्यायला गाडी बोलावली. मी म्हटलं, आम्हीही येतो. ईशाला सुट्टी होती, तोंड वाकडं केलं, पण ओढून नेलं तिला. हे एकटे गेले असते तर अंकलच्या दारातून नुसतं बघून परत आले असते.

अंकलनं पेट्रोलचा पाइप सोडला. थेंब आला नाही. फिल्टर काढून दाखवला तर आत करवंदाच्या चिकासारखं काहीतरी, वर गंजाचा भुगा. डिकीखालच्या टाकीवर त्यानं बोटानं टिचकी मारली आणि विवेकरावांना विचारलं, "युअर वाइफ नेव्हर कम? आय टेल हर ऑलरेडी, चेंज टँक. शी से लेटर, लेटर."

विवेकराव म्हणाले, "शी इज बिझी."

मला इंग्रजी धड येत नाही, पण बिझी कळतं. तुझ्या तोंडून जन्मभर ऐकलं. मी ईशाकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, कान लालभडक. म्हणजे हा माणूस वर्षभर बाहेर हेच सांगत फिरतोय की काय? बिझी आहे, बाहेरगावी आहे, येईल?

मी पुढे झाले. "शी डेड," म्हटलं. "माय डॉटर. वन इयर. टँक काढ."

अंकलनं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले. "सॉरी आह, आंटी," म्हणाला. विवेकराव माझ्याकडे असे बघत होते की मीच तुला आत्ता तिथे मारलं. बघू देत. कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणायला नको? वर्षश्राद्धाला भटजींनी म्हटलं ते संस्कृतात म्हटलं, ते कुणाला कळलं?

मग अंकल वाकला, टाकीखाली पत्र्याचा डबा लावला आणि म्हणाला, "पेट्रोल ऑल्सो डाय ऑलरेडी."

बूच काढलं. मने, तू भरलंस तेव्हा ते पाण्यासारखं असेल. आता काकवीसारखं उतरलं. तांबडं, दाट, आणि वास पेट्रोलचा नाहीच, जुन्या रंगाच्या डब्याचा. ईशानं नाकाला रुमाल लावला. आणि विवेकरावांनी पिशवीतून काय काढावं? मुरांब्याची रिकामी बरणी. घरून धुऊन आणलेली, झाकणासकट.

"अंकल, अ लिटल इन धिस."

"कॅनॉट. नो गुड. फायर."

"जस्ट अ लिटल."

मला हसूही येईना, रडूही येईना. मी म्हटलं, "विवेकराव, खऱ्या अस्थी तुम्ही समुद्रात सोडल्यात. मी होते होडीत. आणि हे भरून घरी नेणार? ठेवणार कुठे? देवाजवळ, की गॅसजवळ?"

रिकामी बरणी त्यांच्या हातात तशीच.

टाकी खाली उतरवली. अंकलनं भोकात बॅटरी धरली, मग तळाला स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, जोरही केला नाही, आणि तो पापडातून जावा तसा आरपार गेला. दुसऱ्या जागी टेकवला, तिथेही गेला. वरून किती छान रंग दिला होतास गं तू तिला. काळा, चकचकीत. मीच म्हटलं होतं, गाडीखाली कोण वाकून बघणार आहे, कशाला एवढा रंग?

अंकलचं म्हणणं ईशानं मला मराठीत सांगितलं, ते साधं होतं. ही टाकी जोडून चालणार नाही. या गाडीची नवी टाकी कुठे मिळत नाही. त्याच्या ओळखीचा एक पत्र्याचं काम करणारा आहे, तो बनवून देईल. पण माप हवं. त्यासाठी ही कापावी लागेल, उघडून तिचे तुकडे मांडावे लागतील, आतले कप्पे बघावे लागतील, त्यावरून नवी. आणि कापलेली मग भंगारात.

विवेकराव म्हणाले, "नाही."

"नाही म्हणजे?"

"कापायची नाही. गाडी भंगारात जायची असेल तर जाऊ दे. जशी आहे तशी, अख्खी जाऊ दे. तिच्या हातची आहे तशी."

मने, मी चिडले. तिथे, त्या तेलकट दुकानात, परक्या माणसासमोर. म्हटलं, वा. म्हणजे चालवायची नाही, कापायची नाही, विकायची नाही, फक्त पुरायची. मी आणखीही बोलणार होते. तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात ईशा बोलली. आवाज चढवून नाही. जशी दुकानात भाव विचारते तशी.

"पपा, आय ऑल्सो ममाज थिंग, व्हॉट. यू नेव्हर सिट विथ मी."

मला शब्द कळले नाहीत. विवेकरावांचा चेहरा बघून कळलं की काहीतरी मोठं पडलं. घरी आल्यावर मी तिला विचारलं, काय म्हणालीस गं तेव्हा? सांगायलाच तयार नाही. "नथिंग लाह, आजी." पिच्छा पुरवला तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मी पण ममाचीच वस्तू आहे ना. माझ्याजवळ कधीच बसले नाहीत ते."

हे तुझ्या लेकीला म्हणावं लागलं. एका गाडीच्या टाकीशी बरोबरी करून दाखवावी लागली तिला, की मीही तिचीच. तू वर कुठे असशील तर हे ऐकून ठेव. आणि नसशील तर बरंच आहे, ऐकायला नको.

हातातली बरणी विवेकरावांनी बाकावर ठेवली. मग अंकलला म्हणाले, "कट."

त्यांनी कापताना बघितलं नाही. बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. ईशा त्यांच्याबरोबर गेली, पण हातभर अंतर ठेवून. मी आत थांबले. घरचं एक माणूस हजर हवं म्हणून. आधी पाण्यानं भरून, धुऊन, मग पुन्हा धुऊन, मग कटर. आतून बघितली ती टाकी मी. तुला लाज वाटली असती. वरच्या रंगाच्या आत चाळण झाली होती नुसती, आणि सगळीकडे तो तांबडा चीक बसलेला. एवढं आत घेऊन तू दर सुट्टीला आम्हांला त्या गाडीत बसवून फिरवायचीस? वाटेत काही झालं असतं तर? तुझा राग आला. वर्षात पहिल्यांदा तुझा धड राग आला, आणि बरं वाटलं.

नवी टाकी व्हायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत विवेकराव घरी वेळेवर यायला लागले. म्हणजे सुधारले असं समजू नकोस. बसायला गाडीच नव्हती, जाणार कुठे? येऊन टेबलाशी बसायचे. ईशा समोर. दोघं आपापल्या ताटात बघत. एक दिवस ईशा म्हणाली भाजी खारट आहे, ते म्हणाले हो. इतकंच. भाजी खरंच खारट होती.

परवा गाडी तयार झाली. आणायला तिघंही गेलो. अंकलनं दुकानातून निघण्यापुरतंच पेट्रोल घातलं होतं, म्हणाला वाटेत भरा. पंपावर थांबलो. विवेकराव उतरले, टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोलची नळी हातात घेतली आणि उभे राहिले. पंपावरचा माणूस आला, "सर, हाऊ मच?" मागे गाड्या लागलेल्या. त्यानं पुन्हा विचारलं.

मी खाली उतरले. माझे गुडघे, तुझी ती बुटकी गाडी, उतरायलाच वेळ लागला. "विवेक," म्हटलं. राव नाही, काही नाही. "भर."

"किती, आई?"

"लेकीला विचार."

ईशानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "फुल टँक लाह, पपा. व्हॉट फॉर हाफ?"

भरलं त्यांनी. भरताना ओठ आवळून धरले होते, मोजके मणी ओवावे तसं लक्ष देऊन भरलं. मग गाडीत बसले, निघालो, आणि पुढच्या सिग्नलच्या आत डोळ्यांतून धारा. आवाज नाही, नुसतं पाणी. मी म्हटलं, "रडायचं तर गाडी बाजूला घे. मला अजून ईशाचं लग्न बघायचंय." घेतली बाजूला. खूप रडले, मने. लहान पोर पडल्यावर रडतं तसं नाही, म्हातारा बैल ओझ्याखाली आवाज काढतो तसं. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. मागच्या सीटवरून ईशाचा हात आला आणि त्यांच्या खांद्यावर पडला. पडला म्हणजे पडलाच, धपकन, कसा ठेवायचा ते तिला माहीत नव्हतं. ठेवला तसा ठेवून दिला.

काल तपासणी झाली. पास. त्याचा कुणाला आनंद झाला असं समजू नकोस. घरी आलो, मी पोहे टाकले, तिघांनी खाल्ले. ती गाडी आता नीट चालते आणि तिच्या टाकीत तुझं काही नाही. तू नाहीस ते नाहीसच. पत्रा बदलून माणूस येत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे, ती सांगते आणि आवरते. या घरात तुझं जे जे उरलंय ते आम्ही सगळ्यांनी तसंच झाकून ठेवलंय. कपाट बंद. चपला रॅकवर. बाथरूममध्ये तुझी शांपूची बाटली, अर्धी. वर्षभर अंघोळ करताना तिघंही तिच्याकडे बघतो आणि हात लावत नाही. आज सकाळी मी ती उघडली आणि डोकं धुतलं. माझ्या चार केसांना कसला शांपू, पण धुतलं. तुझा वास आला. घरभर पसरला. बाहेर आले तर विवेक दाराशी उभा, टॉवेल हातात. ईशा खोलीतून बाहेर आली, तीही थांबली. मी म्हटलं, "उरलाय अजून. दोघांनी वापरा. संपवा."

आता मी तुला शब्द देते तो एवढाच. तुझं काही मी जपून ठेवणार नाही. तुझे स्वेटर मी एमआरटीत घालीन, तिथे थंडी वाजते. तुझ्या साड्या ईशाला नेसवीन, फाटेपर्यंत. तुझी गाडी दर आठवड्याला बाहेर काढायला लावीन, पेट्रोल संपू देईन, भरू देईन, पुन्हा संपू देईन. विवेकला रोज जेवायला बसवीन आणि समोर पोरीला. जे कुजेल असं काही या घरात राहू देणार नाही, तुझं दुःखसुद्धा. वापरून संपवीन. माझ्या हयातीत सगळं संपलं नाही तर उरलेलं ईशा संपवील, तिला सांगून ठेवीन.

त्यानंतर तुझं इथे काही उरणार नाही. चालेल ना तुला?

चालवून घे.

तुझी,
आई